विळी

एका सांभाराच्या जुडीचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मार्च २०२३ मध्ये मुलगा झाला. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे समोरासमोर. आईनं पाहिलं न् लगेच म्हणाली, "म्या सांगलं होतं इले, गिरानात विळीले हात लावू नको म्हनून!" २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, संध्याकाळचं सूर्यग्रहण. बायकोनं वरणावर टाकायला चिमूटभर सांभार चिरला होता. झालं! बाळ पाहायला येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर तोच खटला. कुणी विचारायचं विळी होती का चाकू, कुणी विचारायचं कोणत्या हातानं. बाळंतीण बाजेवर भिंतीकडे तोंड करून ऐकायची. हजारात एखाद्या बाळाचे पाय असे असतात, नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मी बी.एस्सी. झालेला माणूस अंगणात बसून संत्र्याच्या फवारणीचा हिशेब करत होतो.

उपचार मात्र साधे निघाले. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची पद्धत. दर आठवड्याला शेंदूरजनाघाटहून वरूड, तिथून एसटीनं अमरावती. डॉक्टर घोट्याजवळच्या हाडावर अंगठा टेकवून पाऊल हळूहळू बाहेर वळवायचे, टाचेला हातही लावायचे नाहीत, न् मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. अशी पाच झाली. मग टाचेमागची शीर बारीकशी कापून तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट: तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेत. लोक इथंच चुकतात. पाय सरळ दिसला की बूट माळ्यावर, न् पाय पुन्हा आत. नुसत्या मालिशीवरही राहू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा, त्या सरकारी योजनेत उपचाराला पैसे लागत नाहीत.

पोरगा आता पळतो. आई सगळ्यांना सांगते, "माह्या नातवाचे पाय पाहा!" सांभाराचं नावही काढत नाही. माफी तर दूरच.

७ सप्टेंबर २०२५ ला रात्री चंद्रग्रहण होतं. बायकोला पुन्हा दिवस गेलेले. पोरगा बूट घालून झोपला होता, कूस बदलताना दांडी बाजेवर खट्ट वाजायची. मी उठलो, स्वयंपाकघरातली विळी उचलली न् सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

वळून पाहिलं तर बायको दारात उभी.

"तुमी बी?" एवढंच म्हणाली.