केलांगचे लोकरी मोजे

मनालीच्या उत्तरेला, रोहतांग घाटापलीकडे हिमाचलचा लाहौल मुलूख आहे. शेती उन्हाळ्यापुरतीच, बटाटा, वाटाणा निघाला की बर्फ आलेच. २०२० साली अटल बोगदा खुला होईपर्यंत हिवाळाभर घाटाची वाट बंद असे. त्या बंद दिवसांत बायकांच्या हाती लोकर आणि सुया असत. केलांगला एकोणिसाव्या शतकात मिशनरी पत्नी मारिया हायडे यांनी विणकाम शिकवले. २०२१ साली लाहौली मोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

त्यांची रंगीत नक्षी डोळ्यांत भरते. तुम्ही मात्र पहिली जोडी साधीच विणा. टाके चारच्या पटीत घालून तीन सुयांवर वाटा, चौथीने गोल विणा. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घ्या, म्हणजे मोजा घसरत नाही. टाचेला निम्मे टाके घेऊन वेगळी पट्टी विणावी लागते. खरी कसोटी तिथेच. ओळी मोजून कागदावर मांडा, म्हणजे दुसरा मोजा पहिल्यासारखाच उतरेल.

रब्बीत रात्री राखणीला जाणाऱ्या घरधन्याला नक्षी कशाला हवी? ऊब मिळाली की झाले.