चिठ्ठीत आलेली बाजू

अकरावीच्या वर्गात वादविवाद ठेवला, की पहिली अडचण येते ती वक्तृत्व स्पर्धांच्या सवयीची. ‘अध्यक्ष महाशय’पासून शेवटच्या शेरापर्यंत सगळं पाठ, समोरचा काय बोलला याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. म्हणून मी बाजू निवडू देत नाही. तिघातिघांच्या संघांनी दोन्ही बाजूंची तयारी करायची, अनुकूल की प्रतिकूल ते चिठ्ठी ठरवते.

माझी खरी डोकेफोड विषयाची. ‘मोबाइल : शाप की वरदान’ मी देत नाही, त्यावर काही न वाचता बोलता येतं. यंदा १८९१चा संमतिवयाचा कायदा घेतला, शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची अट १०वरून १२वर नेणारा. प्रस्ताव एका ओळीचा : ‘समाजसुधारणेसाठी सरकारने कायदा करावा.’ आगरकरांची, म्हणजे अनुकूल बाजू मिळालेले खूश. टिळकांची, म्हणजे प्रतिकूल बाजू मिळालेल्यांचे चेहरे पडले. “मॅडम, आम्ही चुकीच्या बाजूने बोलायचं?” परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावं, सुधारणा समाजाने आपणहून करावी, हा युक्तिवाद मुळातून वाचल्यावर तेच इरेला पेटले. मग अनुकूल संघाला १८९०चं फुलमणी या बालवधूचं प्रकरण धुंडाळावं लागलं. तिने दहा वर्षं ओलांडली होती, एवढ्यावर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. वर्ग गप्प झाला.

बाकी व्यवस्था सोपी. सभापती आणि वेळ पाहणारा मुलांमधलेच. प्रत्येकाला ४ मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. पहिल्या वक्त्याने प्रस्तावाची हद्द आखायची, पुढच्यांनी मुद्दे वाढवायचे.

खरा खेळ खंडनात. तिथे माझा एक हट्ट असतो : आधी प्रतिपक्षाचा मुद्दा असा मांडा, की त्यानेच मान डोलवावी. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी आणि उत्तर नंतर, ही शिस्त आहेच. मुलांना ती जाचते. मुद्दा वाकडा करून पाडणं फार सोपं असतं. खंडनात नवा मुद्दा काढला तर सभापती थांबवतो. निम्मे गुण खंडनाला, शेरोशायरीला शून्य.

परीक्षक म्हणून मी भाषेचे शिक्षक टाळते, पदार्थविज्ञानाच्या सरांना बसवते. ते वाक्याच्या डौलाला भुलत नाहीत. यंदा त्यांनी प्रतिकूल संघाला विजयी केलं, आणि शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या बाईंनी त्यांना तासभर धारेवर धरलं.