राघू रंगाचं लुगडं

कल्याणला पारनाक्यावरच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर पणजीचा फोटो असायचा. मूळचा काळा-पांढरा, पण स्टुडिओवाल्याने बारीक कुंचल्याने रंगवलेला. राघू रंगाचं लुगडं, डाळिंबी चोळी, गालांवर गुलाबीची पुसट छटा. दुपार कलली की खिडकीतलं ऊन तिरपं होऊन फोटोवर यायचं, तो हिरवा हळूहळू उजळत जायचा, आणि जमिनीवर पडून बघत राहिलेल्या मला वाटायचं, आता ही पदर सावरून उठेल.

तो रंग आजीने सांगितलेला. तिची आई, म्हणजे पणजी, गेल्यावर, आठवून आठवून. किती माया लागत असेल एक रंग असा जपायला!

तिकडे फ्रान्समध्ये लुमिएर बंधूंनी १९०७ साली रंग थेट उन्हाकडूनच मागून घेतला. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण शेंदरी, हिरवे, जांभळे रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांतून गाळून आलेला उजेड आतल्या लेपावर उमटू द्यायचा. ही ऑटोक्रोम पद्धत. अल्बेर कान या धनिकाने ती घेऊन छायाचित्रकार जगभर धाडले, सुमारे ७२,००० काचा जमवल्या. त्या छायाचित्रकारांतला स्तेफान पासे १९१३-१४च्या सुमारास मुंबईतही येऊन गेला. त्या काचांना उजेड पुष्कळ लागे, म्हणून त्या काळची माणसं उन्हात निश्चल उभी राहिलेली दिसतात. पण काय जिवंत! काळ्या-पांढऱ्या फोटोत आपले पूर्वज नुसते पूर्वज असतात, गंभीर, कायम ढगाळ दिवसातले. रंग आला की कळतं, हा फेटा कुणी तरी दुकानात दोनदा उलगडून पसंत केला होता, हे लुगडं कुणाच्या तरी मनात भरलं होतं. चेहऱ्याआड लपलेली आवड रंगातून बोलू लागते, आणि आवडनिवड असलेलं माणूस परकं कसं वाटेल?

ठाण्याची खाडी, दुर्गाडी किल्ल्याखालचे मचवे, मासुंदा तलावाच्या काठावरची गर्दी. त्या काळातलं यांचं एखादं रंगीत चित्र बघायला मी आसुसते. लोकलच्या खिडकीतून श्रावणातला पारसिकचा डोंगर दिसला की तोच हिरवा मी मनातल्या जुन्या ठाण्यावर पसरून देते.

घरोघरी ट्रंकांमध्ये असे करडे फोटो पडून आहेत. एखाद्या निवांत दुपारी ते घेऊन घरातल्या थोरल्यांजवळ बसावं, रंग विचारावेत, आणि पेन्सिलीने मागे लिहून ठेवावेत. सांगणारं माणूस आहे, तोवरच.