सिल्वासाचा उतार आणि मागील चाकांचे ब्रेक

वापी सोडून पूर्वेस वळले की कारखान्यांच्या दाटीतून रस्ता सिल्वासास पोचतो. दमणगंगेच्या काठचे हे गाव २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले आणि १९६१ साली भारतात रीतसर विलीन झाले. पोर्तुगीज अमदानीतील चर्च आजही तेथे उभे आहे. गावाबाहेर पडताच साग आणि वारली पाडे दिसू लागतात. खानवेल सुमारे वीस किलोमीटर; तेथून दुधनीकडे, मधुबन धरणाच्या जलाशयाकडे जाणारी वाट चढउतारांची व वळणांची आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबासमवेत आम्ही या वाटेने गेलो. वाहन म्हणजे एक जुनी व्हॅन. आत निजावयाच्या फळ्या, पाण्याची टाकी, शेगडी. अशा फिरत्या घराचे ओझे कधीच उतरत नाही, आणि ते महिनोन् महिने अंगणात उभे असते. या दोन्ही गोष्टी ब्रेकांस बाधतात. सिल्वासास पोचेतो ब्रेक नेहमीपेक्षा खाली जाऊ लागला होता. मुलाबाळांसह पुढील उतार उतरण्याआधी तो दाखविणे अगत्याचे होते.

मिस्त्रींनी पुढील चाकांस दगड लावले, गाडी सपाट जागी जॅकने उचलून घोडीवर ठेवली, हँडब्रेक सोडला आणि मागील ड्रम उतरविले. आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पाय दाबला की तेलाच्या दाबाने ते फाकतात व त्यांवरील लायनर ड्रमला घासतो. लायनर झिजला की मधले अंतर वाढते आणि पाय अधिक खोल जातो. आतील धूळ मिस्त्रींनी हवेने उडविली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो व तो फुप्फुसांस घातक असतो.

लायनर रिव्हेटांपर्यंत झिजला नव्हता, तेलही कोठे पाझरत नव्हते. तसे असते तर केवळ ब्रेक सेट करून भागले नसते. ड्रम बसवून त्यांनी मागील पत्र्याच्या खाचेतून दातेरी चाक स्क्रू-ड्रायव्हरने फिरविले. चाक जाम होताच ते थोडे उलट फिरविले, आणि चाक हाताने मोकळे फिरू लागले. दोन्ही बाजू सारख्या केल्या. अन्यथा गाडी ब्रेक लावताच एका अंगास ओढते. हँडब्रेकची तार सर्वांत शेवटी ताणली. आधी तार ताणली तर शूमधील ढिलाई झाकली जाते, दूर होत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. लांब उतारावर ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय पोकळीत गेल्यासारखा वाटतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. उतारावर मात्र भार इंजिनावर टाकावा: ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, आणि ब्रेकवर पाय सतत ठेवू नये. पावसाळ्यात गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास हँडब्रेक न लावता चाकांस ठोकळे लावावेत. गंजाने शू ड्रमला चिकटतात.

दुधनीचा उतार आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. मुले मागे निवांत झोपली होती. लायनर झिजतो तो आवाज न करता, आणि चालकाचा पाय नकळत थोडा अधिक खोल जावयास शिकतो. म्हणून वाचकहो, सवयीवर विसंबू नका. पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर एकेकदा ड्रम उघडून डोळ्यांनी पाहून घ्या.