दोन रिपोर्ट, दोन्ही निगेटिव्ह

फ्रीलान्सर माणसाला आजारी पडायची परवानगी नसते. सिक लीव्ह वगैरे तुम्हा ऑफिसवाल्यांचे लाड. आमचं गणित साधं : लेख दिला तर पैसे. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरमध्ये ताप आला, डोळ्यांच्या मागे ठणकायला लागलं, तेव्हा 'व्हायरल असेल' म्हणत मी पॅरासिटामॉलवर पाच दिवस ढकलले. दिवाळी अंकाची डेडलाइन डोक्यावर होती ना! सहाव्या दिवशी आईने अक्षरशः हाताला धरून लॅबमध्ये नेलं. डेंगीची एनएस-१ टेस्ट. निगेटिव्ह!

संध्याकाळी ताप उतरलाही. मी खूश. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढल्या, घरी येऊन पेनड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डर्सचे शॉर्टकट झालेले. काही उघडेना. पोटात गोळाच आला. कारण त्यात आजी होती. म्हणजे तिचं रेकॉर्डिंग. १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल ती माझ्याशी दोन तास बोलली होती, आणि ऑगस्टमध्ये ती गेली. दुसरी कॉपी नव्हती. बॅकअप ठेवा, असं मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी बहुधा कँटीनमध्ये असेन.

अँटिव्हायरसने स्कॅन करून ऐटीत हिरवी खूण दाखवली. व्हायरस सापडला नाही. एका दिवसात दोन निगेटिव्ह!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पोट दुखतंय, उलट्या. आमच्या फॅमिली डॉक्टरकाकांनी रिपोर्ट बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "टेस्ट कितव्या दिवशी केलीस?"

"सहाव्या."

"मग हा कागद घडी करून ठेव."

एनएस-१ हे डेंगीच्या व्हायरसचं प्रोटीन. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडतं. पण शरीराच्या अँटिबॉडीज वाढायला लागल्या की ते कमी होत जातं. पाच-सहा दिवसांनी टेस्ट केली तर चोर निघून गेलेला असू शकतो. तेव्हा शोधायच्या त्या आयजीएम अँटिबॉडीज, म्हणजे काकांच्या भाषेत पोलिसांचा पंचनामा. त्यासाठीची एलायझा किट्स सरकारी लॅब्जना आपल्या पुण्यातली एनआयव्हीच पुरवते, हे मला जर्नलिस्ट असून माहीत नव्हतं. माझं आयजीएम पॉझिटिव्ह आलं. प्लेटलेट्स ६२ हजार. आणि ज्या ताप उतरण्यावर मी खूश होते, नेमक्या त्याच वेळी डेंगीत खरं जपायचं असतं म्हणे. अ‍ॅडमिट!

पेनड्राइव्ह मामेभावाकडे गेला. तो अँटिव्हायरसच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे घरात सगळे त्याला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात. सलाइन लावलेल्या मला बघून त्याचा पहिला प्रश्न : "तायडे, लायसन्स कधी संपलं?"

मे महिन्यात. रोज पॉपअप यायचा, रोज मी तो बंद करायचे.

त्याचं म्हणणं, अँटिव्हायरसकडे ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते. व्हायरसच्या कोडमधला एखादा तुकडा, म्हणजे सिग्नेचर. ही ओळख इतकी ठरलेली असते, की अँटिव्हायरस चालतोय का हे बघायला आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल वापरतात. ती व्हायरस नाहीच, पण अँटिव्हायरस ठरवून ओरडतात. गंमत आहे की नाही? पण यादी मे महिन्यातली आणि व्हायरस ऑक्टोबरचा असेल, तर खूण जुळणार कुठून? आरटी-पीसीआरचंही तसंच. जानेवारी २०२०मध्ये करोनाचा सुमारे ३० हजार अक्षरांचा जीनोम जाहीर झाला, म्हणून काही दिवसांतच त्याची टेस्ट बनवता आली. काय शोधायचं हे आधी माहीत हवं.

खूण नसेल तर वागणूक बघतात. एखादा प्रोग्राम गुपचूप तुमच्या फाइल्स लपवतोय, लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर स्वतःची कॉपी टाकतोय, तर तो सभ्य नक्कीच नाही. त्याला सँडबॉक्समध्ये, म्हणजे खोट्या कॉम्प्युटरमध्ये चालवून बघतात. पण काही महाभाग तेही ओळखतात आणि तिथे शहाण्यासारखे बसून राहतात. सगळे व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्राम बनूच शकत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच गणिताने सिद्ध केलंय. मला इथे डेंगीचा व्हायरस जास्त प्रामाणिक वाटला. त्याने निदान सुटण्यापूर्वी बाजारातल्या टेस्ट स्वतःवर करून बघितल्या नव्हत्या.

"आणि फाइल्स?" मी विचारलं. तेवढंच विचारायचं होतं खरं तर.

"पेनड्राइव्हवरची रिकामी जागा वाढली होती का?"

नव्हती. म्हणजे काही डिलीट झालंच नव्हतं. व्हायरसने खऱ्या फाइल्स फक्त लपवल्या होत्या आणि वर आपले शॉर्टकट ठेवले होते. आधी त्याने व्हायरस काढला, मग लपलेल्या फाइल्स परत दिसत्या केल्या. इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं, एक स्वतःच्या.

शनिवार पेठेत पाणी शिरलं तिथपर्यंत आजी आली होती. मग मध्येच थांबून म्हणाली, "तू जेवलीस का गं?"

आता तीन कॉप्या आहेत. एक आईच्या कॉम्प्युटरवर, एक मामेभावाकडे. तिसरी कुठे ठेवलीय ते आठवत नाहीये.