एक लाख मैल आणि एक फाईल

भारतात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" अमेरिकेत पहिला प्रश्न, "किती मैल झालेत?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण गाडी 'हॉट हॅच' जातीची असेल तर तेवढ्याने भागत नाही. आधीच्या मालकाने तिला कसं वागवलं, हे तिथे आधी शोधावं लागतं.

हॉट हॅच म्हणजे दिसायला साधी, मागे वर उघडणारं दार असलेली छोटी गाडी, पण पोटात दांडगं इंजिन. या घराण्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. ती १९७६ साली जर्मनीत विकायला आली. अमेरिकेत १९८३ च्या मॉडेलपासून 'रॅबिट जीटीआय' या नावाने मिळू लागली आणि ती बनायची पेनसिल्व्हेनियात, न्यू स्टँटनजवळच्या वेस्टमोरलँड कारखान्यात. तो कारखाना १९८८ साली बंद झाला. तिथून पिट्सबर्ग काही लांब नाही.

त्याच पिट्सबर्गला माझ्या मुलाला पहिली नोकरी लागली आणि त्याने जुनी जीटीआय घ्यायचं ठरवलं. बाबांचं म्हणणं, कोरोला घे, थोडे पैसे आम्ही घालतो. आपल्याकडच्या किती घरांत पहिली गाडी अशीच ठरलेली असते! मुलाचं म्हणणं, पैसे माझे, साडेनऊ हजार डॉलर साठवलेत, त्यात बसेल तीच घेईन. मग हळूच म्हणाला, "पण आई, तू येऊन बघशील?" गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात मी वीस वर्षं काढली आहेत, त्याचा हा मान.

आम्ही पाहत होतो ती २०१२ सालची, सहाव्या पिढीची गाडी. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २०० हॉर्सपॉवर. या इंजिनाची दोन दुखणी माहीत असायला हवीत. पहिलं, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर. सुरुवातीच्या बनावटीचा टेन्शनर दगा देऊ शकतो. तसं झालं की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. दुसरं, कार्बन. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. इंजिनातल्या तेलकट वाफा त्यांच्यावर बसत जातात. ती काजळी काढायला मेकॅनिक चक्क अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

पहिली गाडी ७१,००० मैलांची, आरशासारखी चकचकीत. "आम्ही येईपर्यंत चालू करू नका," असं सांगूनही बॉनेटला हात लावला तर गरम. थंड इंजिन सुरू होताना चेन काही सेकंद खडखडते का, हे ऐकायची संधी तिथेच गेली. टायर तीन कंपन्यांचे. मग स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला. १९९६ च्या मॉडेलपासून इथल्या सगळ्या गाड्यांना हा पोर्ट असतो. एकही एरर कोड नव्हता, पण बहुतेक रेडिनेस मॉनिटर 'इनकम्प्लीट' दाखवत होते. म्हणजे कोड नुकतेच पुसलेले, किंवा बॅटरी काढलेली. बॅटरी बदलली, असं मालक म्हणाला. खरंही असेल. "आठवडाभर चालवा, आम्ही परत येऊन बघतो," म्हटल्यावर मात्र तो नाही म्हणाला. परतताना मुलगा गाडीत एक शब्द बोलला नाही. त्याला ती फार आवडली होती.

दुसरी गाडी १,०४,००० मैलांची. मागच्या बंपरवर ओरखडे, रंग मळकट. मालकीणबाईंनी मात्र एक जाडजूड फाईल पुढे ठेवली. दर ५,००० मैलांना ऑईल, दोन क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सचं ऑईल आणि फिल्टर ४० आणि ८० हजारांना, आणि मधल्या एका पावतीवर नवी चेन, नवा टेन्शनर. इंजिन थंड होतं, आवाज स्वच्छ आला. तरी तेवढ्यावर थांबलो नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी इन्स्पेक्शनचा स्टिकर लागतो, पण तिथे ब्रेक, टायर, दिवे बघतात. चेन किती ताणली आहे हे कोणी बघत नाही. शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीचं पोट खातं. म्हणून एका मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवली. गंज वरवरचा निघाला. वॉटर पंपापाशी कूलंट पाझरत होता आणि व्हॉल्व्हची सफाई कधीच झालेली नव्हती. ही यादी मुलानेच मालकीणबाईंना वाचून दाखवली. ८,२०० ची गाडी ७,३०० ला ठरली. उरलेले पैसे पंप, सफाई आणि कागदपत्रांसाठी. जुन्या गाडीच्या किमतीत पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरायचीच असते.

नोटरीसमोर टायटलवर सह्या झाल्या, की आधीच्या मालकाची सगळी देणी आपली होतात. त्याला मी एवढंच सांगितलं: पेट्रोल ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं. ऑईल ५डब्ल्यू-४०, डब्यावर 'व्हीडब्ल्यू ५०२ ००' लिहिलेलं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून बघायची. इंजिन तापेपर्यंत पाय जड करायचा नाही. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं.

बाबा अजूनही कोरोलाचं नाव काढतात. परवा मुलाने मला एक फोटो पाठवला. गाडीचा असेल म्हणून उघडला, तर त्या फाईलमधल्या नव्या पानाचा होता. त्याच्या अक्षरात एकच ओळ: '१,०४,६१० मैल. ऑईल अर्धा क्वार्ट घातलं.'