वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर : कोणता त्रास सोसायचा आणि कोणता नाही?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत संपते. त्यानंतरचे वर्ष मात्र तुम्हालाच निभवायचे असते. या वर्षात माझ्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येतात. काही जण कंगव्यात केस दिसले की घाबरून फोन करतात. काही जण रोज उलट्या होत असूनही "ऑपरेशन झालंय, एवढं तर होणारच" म्हणून गप्प बसतात. पहिल्या रुग्णांची समजूत घालता येते. काळजी वाटते ती दुसऱ्यांची. तुमची किंवा घरातल्या कोणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

पोटात नेमके काय बदलते?

आपल्याकडे मुख्यतः दोन शस्त्रक्रिया होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा बराचसा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. पुढचे बहुतेक त्रास या नव्या रचनेमुळेच होतात. कारण कळले की अर्धी भीती कमी होते.

हे त्रास धीराने घ्या

घास अडकणे : सुरुवातीला पातळ, मग वाटलेले, मग मऊ अन्न, हा क्रम आतली शिवण भरून येण्यासाठी असतो. तो मोडू नका. पुढे नेहमीचे जेवण सुरू झाल्यावरही मऊ पोळी, भात आणि पाव यांचा गोळा होऊन घास अडकतो. छातीत दाटून येते, तोंडाला पाणी सुटते. अशा वेळी वरून पाणी पिऊ नका, कारण ते खाली जायला वाटच नसते. खाणे थांबवा, उठून थोडे चाला. पुढच्या वेळी घास लहान घ्या आणि सावकाश चावा. जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट पाणी प्या.

डंपिंग : हा त्रास बायपासनंतर अधिक दिसतो. उसाचा रस, जिलेबी किंवा श्रीखंड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरून तिथे पाणी खेचून घेतो, म्हणून असे होते. आडवे पडून राहिले की ओसरते. कधी खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

केस गळणे : हे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते. वजन झपाट्याने उतरल्याचा हा परिणाम आहे. मुळे शाबूत असतात, त्यामुळे बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. मात्र दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. म्हणून ताटातले पनीर, अंडे, घट्ट दही किंवा उसळ आधी खा. भात-पोळीला जागा उरली तर उरली. उपवासाला साबुदाणा खाऊन तर प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत.

काटा अडून बसणे : तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन काही दिवस हलत नाही. शस्त्रक्रिया फसली असे समजू नका आणि त्या भीतीने खाणे आणखी कमी करू नका.

हा त्रास सोसू नका

माझ्या एका रुग्ण शिक्षिका आहेत. स्लीव्हनंतर सहाव्या आठवड्यात त्यांचे यजमान त्यांना हाताला धरून घेऊन आले. एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या, चालताना तोल जात होता. विचारल्यावर कळले की तीन आठवडे रोज उलट्या होत होत्या आणि गोळ्याही पोटात ठरत नव्हत्या. इतके दिवस का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, "सासरी सगळ्यांचा विरोध होता. सांगितलं असतं तर म्हणाले असते, कोणी सांगितली होती ही कापाकापी?"

हा बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा परिणाम होता. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होऊ लागते. आम्ही लगेच शिरेतून बी-१ सुरू केले. डोळे काही दिवसांत सुधारले. तोल सावरायला मात्र काही महिने लागले.

म्हणून दोन दिवसांहून अधिक उलट्या होत असतील किंवा पाणीही पोटात राहत नसेल, तर वाट पाहू नका. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तर तुमची शस्त्रक्रिया कोणती झाली आहे ते आधी सांगा. अशा रुग्णाला ग्लुकोज देण्याआधी बी-१ द्यावे लागते, नाहीतर मेंदूचा त्रास वाढू शकतो.

पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा :
- पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ. शिवण गळत असल्याची ही खूण असू शकते.
- एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणे, किंवा अचानक दम लागणे. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी.
- बरगड्यांखाली उजवीकडे कळा. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात.

दुखतेय म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर अशा बऱ्याच गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो. तंबाखूनेही होतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर त्यांचे डोस शस्त्रक्रियेनंतर लवकरच कमी करावे लागतात. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गोळ्या किती दिवस?

आयुष्यभर. इथेच सर्वाधिक हयगय होते, कारण बंद केल्या तरी लगेच काही जाणवत नाही. बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो आणि तो संपत आल्यावर मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू होतो. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. स्त्रियांनी पहिली १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

घरच्यांसाठी

"दोनच घास, माझ्यासाठी" हा आग्रह आता प्रेमाचा राहिलेला नाही. तो घास उलटून पडणार आहे. आणि "तुझंच तू ओढवून घेतलंस" हे वाक्य तर मनातही आणू नका. स्थूलता हा आजार आहे आणि तुमच्या माणसाने त्यावर उपचार घेतले आहेत. टोमणा ऐकलेला माणूस पुढचा त्रास लपवतो आणि लपवलेल्या त्रासाची किंमत त्या शिक्षिकेने मोजली आहे.

आज एवढे करा : डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि सर्जनचा क्रमांकही. शंका आली तर फोन करा. किरकोळ कारणासाठी आलेला फोन मला नेहमीच चालतो.